एकाच नंबरची दोन बिलं

ताईचा नंबर चुकला असं म्हणायची हिंमत चौतीस वर्षांत कोणी केली नव्हती. शनिवारी सकाळी ती एका प्लंबरने केली, आणि म्हणून रविवारी दुपारी सगळं घर छापखान्याच्या वरच्या खोलीत जमलं होतं.

सगळं घर म्हणजे आई, दादा, दादाची बायको आणि ताई. बेबीला बोलावलं नव्हतं. प्रकरण बेबीचंच होतं, तेव्हा तिला बोलावण्याचा प्रश्नच नव्हता. या घरात बेबीविषयीचे निर्णय बेबी नसतानाच होत आले होते. ती एक्केचाळीस वर्षांची झाली होती, भांगाजवळ पांढरी रेघ आली होती, पण शेंडेफळ ते शेंडेफळ. ताईपेक्षा ती सतरा वर्षांनी लहान. तिच्या जन्मानंतर आईने जे अंथरूण धरलं ते दोन वर्षं, त्यामुळे न्हाऊ घालण्यापासून शाळेच्या पुस्तकांना कव्हरं घालण्यापर्यंत सगळं ताईने केलं. आणि एकदा कव्हरं घालायची सवय लागली की ती सुटत नाही. पुढे दादालाही, म्हणजे स्वतःपेक्षा चार वर्षांनी लहान असलेल्या भावाला, तिने दादा म्हणायला सुरुवात केली ती बेबीला वळण लागावं म्हणूनच.

प्लंबर आला तो दोन बिलं घेऊन. दोन वेगवेगळ्या घरांसाठी त्याने बेबीच्या दुकानातून सामान नेलं होतं, एकीकडे नळ, दुसरीकडे बेसिन. दोन्ही बिलांवर नंबर एकच, चार हजार एकशे सतरा. दोन्ही बिलं त्याच्या हातात पाहून दुसऱ्या घरमालकाने "हे बिल बनावट आहे, मी कर कार्यालयातच विचारतो," असं म्हणून त्याचे पैसे अडवले होते. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात छापखान्याचं नाव होतं, तेव्हा तो सरळ ताईच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"ताई, तुमच्या मशीनचे नंबर रिपीट होतात का हो?"

ताईने चष्मा वर सारला. तिचं नंबरिंगचं मशीन म्हणजे मुठीत मावेल एवढं लोखंडी यंत्र. दाबलं की आकडा उमटतो आणि पुढचा आकडा आपोआप जागेवर येतो. खालच्या मोठ्या छपाई यंत्रांना दोनदा निवृत्ती मिळाली, पण हे मशीन आणि ताई, दोघींनी एक दिवस खाडा केला नव्हता.

"माझा नंबर चुकत नाही," ती म्हणाली आणि ते सिद्ध करायलाच नमुन्यांचं कपाट उघडलं.

नमुन्यांचं कपाट हा अण्णांचा, म्हणजे ताईच्या वडिलांचा, शिरस्ता. काम कितीही छोटं असो, त्याचा शेवटचा कागद कपाटात जायचा आणि त्याला कामाची चिठ्ठी टाचलेली असायची. काम कोणाचं, कोणी आणलं, कधीचं, नंबर कुठून कुठपर्यंत, दर काय, नंबर कोणी मारले. अण्णा जाऊन अकरा वर्षं झाली, तरी शिरस्ता चालू होता. बंद करा असं कोणी म्हटलं नाही म्हणून चालू होता, एवढंच. कपाटात कागद टाकायला सगळे जायचे, काढायला कोणी गेलं नव्हतं.

ताईला चिठ्ठी सापडली. बेबीच्या दुकानाची बिलबुकं, चार हजार एक ते पाच हजार, फेब्रुवारी. ती विजयाने वळणार, तोच मागची चिठ्ठी दिसली. बेबीच्या दुकानाची बिलबुकं, चार हजार एक ते पाच हजार, एप्रिल. दोन्हींवर 'नंबर मारले' या रकान्यात तिचीच सही.

प्लंबरला तिने "सोमवारनंतर या," म्हणून वाटेला लावलं आणि संध्याकाळपर्यंत जमिनीवर बसून कपाट उपसलं. अशा नऊ जोड्या निघाल्या. तीन वर्षांच्या. तिचा नंबर खरोखरच चुकला नव्हता, नऊ हजार वेळा तो दोनदा बरोबर आला होता. चिठ्ठीवर असेल तो आकडा लावायचा आणि दाबत सुटायचं. शाई सारखी बसते की नाही, शून्याचं पोट फुटत नाही ना, हे ती डोळ्यांत तेल घालून बघायची. पुस्तक कोणाचं, तोच आकडा पुन्हा का, हे बघायचं काम आपलं आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

बाकीचं समजायला वकील लागत नव्हता. एक पुस्तक हिशेबाला, दुसरं रोख गिऱ्हाइकाला. दुसऱ्या पुस्तकावर गिऱ्हाइकाकडून कर पुरेपूर घ्यायचा आणि तो सरकारऐवजी आपल्या खिशात टाकायचा. ही अक्कल बेबीच्या नवऱ्याची, यात कोणाला शंका नव्हती. पण दुकान बेबीच्या नावावर होतं. कर कार्यालयात जाणाऱ्या प्रत्येक कागदावर सही बेबीची होती. उद्या तो घरमालक बोलल्याप्रमाणे वागला, तर बेड्या पडतील त्या बेबीच्या हातात.

"नमुने जाळून टाकू," दादा म्हणाला. "पाच मिनिटांचं काम. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि प्लंबरच्या हातातली बिलं?" ताईने विचारलं.

"ती मागून घेऊ."

"आणि बाकीच्या नऊ हजार गिऱ्हाइकांच्या घरी तू जाणार की मी जाऊ?"

दादाने चहाचा कप उचलला. अडचणीत आला की तो पीत असे. कप रिकामा होता हे त्याच्या लक्षात यायला वेळ लागला.

दादाची बायको सरसावून बसली. जावयाशी तिचं कधी पटलं नव्हतं. "मी म्हणते, निनावी पत्र टाका. त्यांचं नाव घालून. बेबीचं नाव कुठे घ्यायचंच नाही. छान छापून टाका, अक्षर ओळखू येणार नाही."

"आपल्या छापखान्यात छापलेलं निनावी पत्र!" ताई म्हणाली. "खाली बारीक अक्षरात आपलं नावही टाकू का, सवयीने?"

आईलासुद्धा हसू आलं, पण तिने ते पदराआड घेतलं. "तुम्ही दोघी जरा दम धरा. जावयाला बोलवा, चार शब्द सुनवा. मी सुनावते हवं तर. पण घरातलं घरात राहू दे. आपलेच दात आणि आपलेच ओठ."

"दात त्यांचे आहेत आई," ताई म्हणाली, "ओठ बेबीचे आहेत. आणि निनावी पत्राने काय होणार ते सांगते. अधिकारी दुकानात जातील. पाटीवर नाव कोणाचं? बेबीचं. कागदावर सही कोणाची? बेबीची. जावईबापू म्हणतील, साहेब, मी तर काउंटरवर बसणारा माणूस, मालकीणबाईंना विचारा."

दादाची बायको हात रिकामे राहू नयेत म्हणून चिठ्ठ्या चाळू लागली. ती घरात आली तेव्हा तिला छापखान्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण वीस वर्षांत दर मात्र तिला पाठ झाले होते.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "एप्रिलच्या चिठ्ठीवर दर दुप्पट कसा? हिच्यावरही दुप्पट. ह्या दुसऱ्या सगळ्याच चिठ्ठ्यांवर दुप्पट आहे. अक्षर तर तुमचं आहे."

दादाने कप खाली ठेवला. "तो म्हणाला, पहिली पुस्तकं भिजली. घाईचं काम होतं. म्हणून जास्त लावले."

"नऊ वेळा भिजली?"

"नळाचं दुकान आहे, भिजणारच."

"आणि भिजलेल्या पुस्तकाचे दुप्पट पैसे तो तोंडातून चकार शब्द न काढता देत होता? तुमचे मेव्हणे? लग्नात पाचशे पत्रिकांचे पैसे चारशेवर आणले होते त्यांनी!"

"मला काय माहीत तो काय करतो त्या पुस्तकांचं!"

"विचारलंस?" ताई म्हणाली.

"नाही."

"विचारलं नाही म्हणून माहीत नाही. हे बरं आहे."

दादाचा चेहरा लाल झाला. "बरं, मी चोर. आणि नंबर कोणी मारले? माझ्या अक्षराखाली सही कोणाची आहे, वाच की मोठ्याने."

"माझी," ताई म्हणाली. रात्रभर तिचा हा प्रश्न स्वतःला विचारून झाला होता, त्यामुळे उत्तर द्यायला वेळ लागला नाही. "म्हणून तर जाळायचं नाही आणि लपायचंही नाही. उद्या सकाळी आपण स्वतः कर कार्यालयात जायचं. घरमालक पोचायच्या आत. आपणहून कबूल करणाऱ्याला दंड होतो, पकडलेल्याला तुरुंग. मी काल वकिलांना फोन करून विचारलं, नाव न सांगता."

"छापखान्यालाही दंड होईल," दादा म्हणाला.

"होईल."

"कदाचित परवानाच जाईल."

"जाईल कदाचित."

दादाची बायको उठली. मग खुर्ची उचलून ती ताईच्या बाजूला येऊन बसली. दादाने ते पाहिलं आणि आईकडे पाहिलं. आई त्याच्याच बाजूला होती, पण तिला त्या बाजूला फार बरं वाटत नसावं.

"अर्ज मी लिहिते," ताई म्हणाली. तिच्या आवाजात आता कामाचा सूर आला होता, आणि त्या सुरापुढे या घरात अण्णांचंसुद्धा चालत नसे. "जावयाने काय केलं, कसं केलं, तारखांसकट. बेबीला सकाळी घेऊन येऊ. तिला फार काही सांगायचं नाही, उगाच घाबरेल. इथे सही कर म्हणायचं, करेल ती."

सगळ्यांना हायसं वाटलं. दादालासुद्धा. ताईने एकदा ठरवलं की चूक-बरोबर तिच्या डोक्यावर, आपण चहा प्यायला मोकळे. आईने "आणखी टाका थोडा," म्हटलं.

चहा येण्याआधी बेबी आली.

जिना चढून ती दारात उभी राहिली तेव्हा टेबलावर नऊ जोड्या पसरलेल्या होत्या आणि झाकायला कोणाजवळ वर्तमानपत्रही नव्हतं. तिने टेबलाकडे पाहिलं, मग एकेका चेहऱ्याकडे. ताईकडे सगळ्यांत शेवटी.

"प्लंबर तुमच्याकडून निघाला तो माझ्याकडेच आला," ती म्हणाली. "काल अकरा वाजता. तेव्हापासून मी फोनची वाट बघतेय. म्हटलं, ताई आता करेल. मग करेल."

"अगं, आम्ही आधी नीट ठरवून मग तुला—" ताई उठली. "बस तू. घाबरू नकोस. मी सगळं बघितलंय, वकिलांना विचारलंय. अर्ज मी लिहिते. तू फक्त—"

"सही कर?"

ताई पुन्हा खाली बसली.

"दुसरी पुस्तकं मला मिळाली," बेबी म्हणाली. "काल दुपारी. दुकानात जे मोठं बेसिन मांडून ठेवलंय ना, त्याच्या खालच्या कपाटात. तीन वर्षं रोज मी त्याच्यावरची धूळ पुसतेय. रात्री बसून सगळी वाचली. आज सकाळी त्यांना सांगितलं, उद्या दहा वाजता मी कर कार्यालयात जाणार, यायचं तर या."

"काय म्हणाले?" आईने विचारलं.

"आधी हसले. म्हणाले, तू तिथे जाऊन काय बोलणार, तुला त्यातलं काय कळतं? मग मी त्यांना पुस्तकांचे नंबर सांगितले. सगळे, तोंडपाठ. मग हसले नाहीत."

दादाच्या बायकोने तिला बसायला जागा करून दिली. बेबी बसली नाही.

"बेबी, हे हात दाखवून अवलक्षण आहे," दादा म्हणाला. "जरा विचार कर."

"अवलक्षण हातावर आहेच, दादा. दाखवलं नाही म्हणून ते पुसलं जात नाही."

"आणि तुझ्या संसाराचं काय?" आई म्हणाली.

"त्याचं आम्ही दोघं बघू. तो तरी माझा मला बघू दे, आई." मग ती ताईकडे वळली. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच ताईला सहन होईना. "मी काल रात्री स्वतःला विचारलं, दुकान काढल्यापासून नऊ वर्षं मी न वाचता सह्या कशा केल्या? शिकलेली आहे मी. आंधळी नाही. ते कागदावर बोट ठेवायचे, बेबी, इथे, आणि मी करायचे. मला त्यात वेगळं काही वाटलंच नाही. का सांगू? अण्णा गेल्यावर छापखान्याचे कागद झाले तेव्हा तू असंच बोट ठेवलं होतंस. याच टेबलावर. घरी गेल्यावर मला कळलं की मी माझा हिस्सा सोडून दिला."

"ते तुझ्या भल्यासाठी—" दादा म्हणाला.

"मला नकोच होता हिस्सा. ताईने विचारलं असतं तर मी आनंदाने दिला असता. तिने विचारलं नाही." तिने ताईकडेच बघत म्हटलं, "सवय इथलीच आहे ताई. त्यांनी फक्त पुढे चालवली."

ताईला लाज वाटली. अशी लाज तिला आयुष्यात माहीत नव्हती. ती बरोबर असणारी बाई होती, आणि बरोबर असणाऱ्या माणसाला लाजेची सवय नसते. त्या दिवसाचं तिला सगळं आठवत होतं. कागद आठवत होते, शाई आठवत होती. बेबीचा चेहरा मात्र काही केल्या आठवेना, कारण तेव्हा तिने तो पाहिलाच नव्हता. ती सही नीट रेघेवर येते की नाही ते बघत होती.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

खोलीतल्या कोणीही हे वाक्य तिच्या तोंडून आधी ऐकलेलं नव्हतं. आईने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

"मला हे नमुने हवेत," बेबी म्हणाली. "नऊ जोड्या. चिठ्ठ्यांसकट."

"नमुने ने," दादा घाईने म्हणाला. "चिठ्ठ्या कशाला? चिठ्ठ्यांचं तिथे काय काम? ताई, तिला सांग. चिठ्ठ्यांवर माझं अक्षर आहे. तुझी सही आहे. छापखाना जाईल, मग आईने काय खायचं?"

"दादा म्हणतो त्यातही तथ्य आहे गं," आई म्हणाली. "तुझं झालंय ते झालंय, त्यात यांना कशाला..."

"मला एकटीला सगळं माहीत होतं असं दिसेल मग," बेबी म्हणाली. "चिठ्ठ्यांशिवाय असंच दिसेल, की मालकिणीने दोनदा पुस्तकं छापून घेतली. कोण आलं, कोणत्या दराने छापून घेतलं, हे चिठ्ठीवरच आहे. पण देणं न देणं तुमचं. मी हिसकावून नेणार नाही."

दादाची बायको म्हणाली, "द्या त्यांना." दादा म्हणाला, "तू गप्प बस." ती म्हणाली, "वीस वर्षं बसले."

आता सगळे ताईकडे बघत होते. नेहमीसारखेच. अण्णांचा छापखाना, त्यावर चालणारं हे घर, खालचे चार कामगार, हे सगळं त्या टाचण्यांत अडकलं होतं हे तिला पुरतं कळत होतं. बेबीला वाचवायचं तर ते पणाला लावावं लागणार होतं, आणि कालपासून ती स्वतःला सांगत होती की मी सगळं पणाला लावायला तयार आहे. अर्ज आपल्या हाताने लिहिताना त्यात आपल्याला हवं तेवढंच पणाला लावता आलं असतं, हे तिला आत्ता उमगलं.

तिने जोड्या एकावर एक रचल्या, कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या, वरून पुठ्ठा घातला, दोरी बांधली. चिठ्ठ्यांसकट. गठ्ठा बेबीच्या हातात देताना ती म्हणाली, "मोजून घे. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस."

बेबीने खरंच दोरी सोडली आणि उभ्या उभ्या अठराही मोजले.

सोमवारी दहा वाजता कर कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर तीन बाया बाकावर बसल्या होत्या. दादाची बायको न विचारता आली होती. दादा आला नव्हता. जावईही नव्हता; बेबीने दहा वाजून पाच मिनिटांपर्यंत दोनदा जिन्याकडे पाहिलं, मग पाहणं सोडलं. तिचा अर्ज तिनेच लिहिला होता, चार पानं. ताईने तो वाचायला मागितला नव्हता. रात्रीत तीनदा फोन हातात घेऊन तिने खाली ठेवला होता, आणि हे तिला अठरा हजार नंबर मारण्यापेक्षा जड गेलं होतं.

आत बोलावलं तेव्हा अधिकारी फॉर्म पुढ्यात घेऊन बसले होते. पन्नाशीचे, समोरच्या माणसाकडे न बघता लिहिण्याची सवय झालेले.

"तक्रार कोणाविरुद्ध?"

"दुकानाच्या मालकाविरुद्ध," बेबी म्हणाली.

"मालक कोण, माहीत आहे?"

"मीच."

पेन थांबलं. अधिकाऱ्यांनी मान वर केली. त्यांनी बेबीकडे पाहिलं, गठ्ठ्याकडे पाहिलं, आणि मग तिच्या डोक्यावरून, मागे उभ्या असलेल्या पांढऱ्या केसांच्या, ताठ कण्याच्या बाईकडे. वयाने मोठं, जबाबदार कोण दिसतंय ते शोधावं, तसं.

"बाई, तुम्ही यांच्या थोरल्या बहीण ना? काय भानगड आहे, जरा तुम्ही समजावून सांगता का?"

ताईच्या जिभेवर सगळं तयार होतं. तारखा, आकडे, कोण, कसं, पाच वाक्यांत. तिच्याइतकं नीट दुसऱ्या कोणाला सांगता आलं नसतं, हे खरंच होतं.

"त्यांनाच विचारा, साहेब," ती म्हणाली. "त्या मालकीण आहेत. मी नंबर मारलेत फक्त. माझा जबाब त्यांच्यानंतर घ्या."